डावा की उजवा

माझ्या गळ्यात टेप आहे, तोच साहेबाचा टाय.
मशीनच्या पलीकडे स्टुलावर वर्कनेश,
मांडीवर फाईल, फाईलवर दोन्ही हात,
जणू दुकानात वारा सुटलाय.

नवऱ्याचं पूर्ण नाव?
हब्तामू देस्ता वोल्दे.
काय करतो?
डेन्व्हरच्या विमानतळावर गाडी चालवतो.
पार्किंगपासून दारापर्यंत, दारापासून पार्किंगपर्यंत.
दिवसभर जातो आणि कुठेच जात नाही, असं तोच म्हणतो.

शेवटचं वाक्य गाळ, मी म्हणतो.
विचारलं तेवढंच सांगायचं.

शिरो मेदाच्या या उतारावर दुकान टाकून मला अकरा वर्षं झाली.
वकिलातीच्या रांगेतली माणसं पहाटे इथूनच चढतात,
दुपारी उतरतात.
कोणाचं काय झालं ते चपलांच्या आवाजावरून कळतं.
एकाने कोटाचं तुटलेलं बटण लावून घेतलं,
पैसे परत येताना देतो म्हणाला.
दुसऱ्या वाटेने उतरला असेल.

लग्नानंतर किती दिवस एकत्र होतात?
बावीस.
आणि लग्नाला किती झाली?
मस्करम महिन्यात तीन वर्षं होतील.

एकेचाळीस फोटो. मीच क्रमाने लावले,
मागे पेन्सिलने तारखा घातल्या, आपल्या पंचांगाच्या,
मग खोडून त्यांच्या.
सात-आठ वर्षांचा फरक पडतो;
एखादी खोडायची राहिली असती
तर साहेब म्हणाला असता, लग्न आधी आणि ओळख नंतर?
आमच्या आईवडलांचं तसंच झालं होतं,
पण ते फाईलमध्ये मावत नाही.

मग तोंडात टाचण्या धरून मी विचारलं:
तो लिहितो कोणत्या हाताने?

ती गप्प. फोटो चाळू लागली.
सेल्फीत पेन उजव्या हातात, पण टोपीवरची अक्षरंच उलटी.
लग्नाच्या ताटावर उजवा,
पण ताटावर सगळ्यांचाच उजवा असतो.
सही करतानाच्या फोटोत नेमका मामा आडवा आलाय.

हा प्रश्न यादीत नव्हता. मीच घातला.
घरात आता दोघंच उरलोय.
तिला एकदा तरी अडलेलं बघायचं होतं मला.

वर्कनेशने फाईल मिटली.
उजव्याने लिहितो, म्हणाली.
लहानपणी मास्तरांनी डावा बाकाला बांधून ठेवला होता.
पण सोळाव्या रात्री वीज गेली,
ताटात इंजेराचा शेवटचा तुकडा होता,
अंधारात त्याने मला घास भरवला, तो डाव्याने.
लगेच जीभ चावली, हात मागे घेतला.
मी तो हात धरून पुन्हा तोंडाशी आणला.

मी मशीनचं चाक उगाच फिरवलं.
सुई रिकाम्या जागेत दोनदा खालीवर झाली.

हे सांगू साहेबाला?
नको. उजवा म्हण.
अर्धंच उत्तर होईल.
त्यांना तेवढंच लागतं.

आणि त्या टाचण्या काढ, ती म्हणाली,
तो साहेब काही असा ओठ मिटून बोलणार नाही.

एकेक काढून मी गादीत खोचत गेलो.
सात धरल्या होत्या.
सहाच निघाल्या.

पुढचं विचार ना, ती म्हणाली.