पंचनामा

लेडबरीत यंदा जुलै असा तापला
की शेजारच्या प्रॉसरची कुत्री
आमच्या पायरीवर जीभ टाकून पडलेली असते.
घराला पंखा नाही. खिडकी उघडते ती चार बोटं.
भाऊंनी सदऱ्याची वरची दोन बटणं काढली,
हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

(भाऊ म्हणजे वामन सखाराम तिरोडकर,
निवृत्त दुय्यम निरीक्षक, दारूबंदी आणि उत्पादन शुल्क.
चौतीस वर्षं सेवा, थेंबाला स्पर्श नाही.
नाक मात्र जिल्ह्यात एक नंबर.)

कुंपणापलीकडून ग्विलिम प्रॉसर म्हणाला,
सावलीत या, काहीतरी गार देतो.
सावली पेअरच्या झाडाची. झाड त्याच्या खापरपणजोबाचं,
फळ इतकं तुरट की डुकरंही तोंड फिरवतात,
आणि त्याच फळाची ही पेरी.
बादलीत बर्फ, बर्फात बाटल्या:
पेरीच्या दोन, सायडरची एक,
एक एल्डरफ्लॉवर घातलेल्या जिनची,
शिवाय काचेच्या जगात तांबूस पाणी,
त्यात काकडी, पुदिना, स्ट्रॉबेरी तरंगत.
भाऊ म्हणाले, "ही कोशिंबीर कोणी भिजत घातली?"
मी भाषांतर केलं नाही.

मग त्यांनी पेरीचा ग्लास उचलला.
आधी उजेडाला धरला. मग नाकाशी नेला.
डोळे मिटले.
"फळ झाडावर पिकू दिलंय. नवसागर नाही.
पिंप लाकडी. चढेल, पण उशिरा."
मी सांगितलं तसा प्रॉसर खुर्चीतून उठलाच,
साहेब आल्यावर हवालदार उठतो तसा.
"परवाना?"
तेही विचारलं, हसू दाबत.
घरापुरती थोडी केली तर लागत नाही, तो म्हणाला.
"लागत नाही," भाऊ स्वतःशी म्हणाले.
थोड्या वेळानं पुन्हा, "लागत नाही."

ग्लासला घाम सुटला होता.
त्यावर बोट ओढत भाऊ जव्हारबद्दल बोलू लागले.
चौऱ्याहत्तरचा मे. ओढा कोरडा.
करवंदीच्या जाळीत सोमी नावाच्या बाईची भट्टी,
मोहाची, तीन मडकी. लेकीचं लग्न चार दिवसांवर.
"काठी उचलली तशी पुढे आली, म्हणाली,
सायेब, उनाचा आलास,
आधी घोटभर पी, मंग फोड."

"मग?"

"आधी फोडली.
जमीन इतकी तापलेली की फेससुद्धा राहिला नाही.
पंचनाम्यात लिहिलं, मुद्देमाल जागीच नष्ट केला.
बाई काय म्हणाली ते लिहायला
रकाना नव्हता."

प्रॉसरला यातलं काही कळलं नाही.
त्यानं आपला बर्फाचा एक खडा
भाऊंच्या ग्लासात टाकला.

भाऊंनी ग्लास जरासा कलता केला,
गवतावर धार सोडली, बेताची.
कुत्री उठून आली, हुंगून परत गेली.
मग ते प्यायले.
औषध घेतात तसं नाही,
मैलभर चालून आलेला माणूस पितो तसं,
मान मागे टाकून.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
झाडावरून एक कच्चं पेअर
पत्र्याच्या शेडवर पडलं, ठाप.

भाऊंनी ओठ पुसले,
तिसरंही बटण काढलं
आणि म्हणाले, "ती कोशिंबीर
सरकव जरा इकडे."