मानस

बांबोळीला तिसऱ्या मजल्यावर पाटी आहे:
मानसोपचार विभाग.
मी हसले. सोयरूदादा वैतागला, "हांगाय हांसता?"

हसू नको तर काय.
आमच्या चोडणात मानस म्हणजे बांधातलं दार,
नदी आणि शेत यांच्यामध्ये, लाकडी फळ्यांचं.
भरतीला बंद, ओहोटीला उघडं.
त्यावर उपचार म्हणजे कुजलेली फळी बदलणं.
आणि त्याचे राखणदार आमचे बाबा.

मी हे सांगत नव्हते.

डॉक्टर फुर्तादो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान.
त्या म्हणाल्या होत्या, लहानपणी तुम्ही कशा होता
हे पाहिलेलं कुणी असेल तर आणा.
म्हणून दादा.
सकाळची रायबंदरची फेरी चुकली ती माझ्यामुळे.
चावी फ्रीजमध्ये होती, ताकाच्या भांड्याला टेकून.

दादाला सगळं तोंडपाठ.
तीन छत्र्या. एक चप्पल, जोड नव्हे, एकच.
पोदेराचे पैसे चार वेळा.
गणिताच्या पेपरात मागचं पान उलटलंच नाही.
मग तो गप्प झाला.
कुठे अडला ते मला कळलं.

ऑगस्टची अमावास्या. बाबा तापानं फणफणलेले.
म्हणाले, शेवू, भरतीच्या आधी फळ्या घालून ये.
मी दहा वर्षांची. गेले. खरंच गेले.
दगडावर एक कुर्ली चढत होती,
एवढीशी, नखाएवढी,
चढायची, घसरायची, पुन्हा चढायची.
मी मोजत बसले.
एकोणचाळीसपर्यंत आठवतं.
मग अंधार झाला, भूक लागली, मी घरी आले.

कोरगूट खारं पाणी सोसतो,
पण एका रात्रीत एवढं नाही.
अठरा घरांचं भात.
बाबांनी हात उगारला नाही.
मारलं असतं तर फिटलं असतं.
पुढच्या पावणीत मानस दुसऱ्याकडे गेलं
आणि बाबा बार्जवर.

छत्तीस वर्षं त्या पोरीला मी एकाच शब्दानं हाक मारली.
तो इथे लिहीत नाही.
डॉक्टरांनी कागदावर दुसरा लिहिला,
ए डी एच डी, चार सुटी अक्षरं.
रडू येईल वाटलं होतं.
मी त्यांच्या टेबलावरची बिनटोपणांची पेनं मोजत होते. सहा.

"लक्ष कमी नाही यांचं," त्या दादाला समजावत होत्या,
"कशाला आत घ्यायचं, कशाला अडवायचं,
ते ठरवणं अवघड जातं."
दादा बराच वेळ स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिला.
मग म्हणाला, माझ्याकडे न बघता,
"म्हणजे मानस आसा. फळयो नात."

गोळी सकाळी, खाल्ल्यावर.
पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी ऐकली. फक्त शिट्टी.
तिच्या मागे शेजारचा रेडिओ नाही, पंख्याची करकर नाही,
बारा वर्षांपूर्वी कुणाला तरी लागेलसं बोललेलं वाक्य नाही.
चूल बंद करून मी खाली बसले.
बाकीच्यांना हे रोज असं असतं?
आणि कुणी सांगितलं नाही?

तोंड कोरडं पडतं. दुपारचा भात नको होतो.
चारनंतर उतरते, पाणी पुन्हा आत.
त्यासाठी वही आहे, गजर आहे, बुधवारी समुपदेशन,
दाराशी चावीचा खिळा. दादानं ठोकला, वाकडा.
बाबांना हा कागद दाखवायचा राहिला
याला मात्र गोळी नाही.

काल ओहोटीला बांधावर गेले.
फळ्या आता नव्या, फायबरच्या.
दगडावर कुर्ली होती. त्या कुर्लीची पणती-खापरपणती असेल.
चढली, घसरली. चढली, घसरली.
पाचपर्यंत मोजलं आणि गजर वाजला.

सहाव्यांदा ती पोचली की नाही, माहीत नाही.
फेरी मिळाली.
छत्री बांधावर राहिली.