मुदत एकतीस मार्चपर्यंत

कूपन तीन हजारांचं. मृणालने पाठवलं, हैदराबादहून.
आलं फोनमध्येच, पण यांना हातात कागद लागतो,
म्हणून गोळीबार चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून
दहा रुपये देऊन छापून आणला,
घडी घालून गल्ल्यात ठेवला, पाचशेच्या नोटांखाली,
आणि दोन महिने कोणी नाव काढलं नाही.

लग्नाला तीस वर्षं झाली, आई, पोरगी म्हणाली होती,
कुठंही जा, फक्त आपल्या हॉटेलात जेवू नका.

आपलं हॉटेल म्हणजे अकरा टेबलं,
एक पंखा जो फिरतो आणि एक जो नुसता वाजतो.
लोक घाम पुसत जेवतात, नाक ओढत म्हणतात,
वा, हेडाऊभाऊ.
बत्तीस मसाले. ते मी वाटते.

कागदावर चौदा नावं होती.
मटणवाल्याचं बिल वाचावं तशी वाचली यांनी,
बोट ठेवून, प्रत्येक ओळीवर संशय घेत.
"हे सदरचं? याचा आचारी माझ्याकडं कांदे सोलायचा.
कांदाही धड सोलत नव्हता. त्याच्या हातचं काऊन खाऊ?"
"वर्धा रोडचं? तिथं लोकं जेवत नाहीत,
फोटो काढून राहतात."
धरमपेठेत गाडी लावायला जागा नाही.
रामदासपेठेतल्या एकाचं नाव वाचताच आलं नाही,
तर म्हणाले, जे वाचता येत नाही ते पचणार कसं.

मी लसूण सोलत होते. म्हटलं, मले विचारा नं.

विचारलं नाही. पण बोट थांबलं.

मग मीच बोलले.
मला पांढरं काहीतरी खायचं आहे.
दूध, लोणी, उकडलेला बटाटा, काय असेल ते,
ज्यात लाल म्हणून काही नाही.
आणि ताट माझ्यापुढं यावं वाफ निघत असताना,
आणणाऱ्याला माझं नाव माहीत नसावं,
अन् त्याने मध्येच विचारू नये, काकू, रस्सा संपला का.

यांनी असं पाहिलं जशी मी माहेरी निघाले बॅग घेऊन.
"सावजीची बायको," म्हणाले, "आणि उकडलेला बटाटा."

चार दिवस अबोला.
त्या चार दिवसांत रस्सा इतका तिखट झाला
की गिऱ्हाईक पोळ्या दुप्पट मागू लागलं.

तीस तारखेला सोमवार, हॉटेल बंद.
सहा वाजता हे इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे.
"चाल. बर्डीवर एक आहे, सातव्या मजल्यावर.
तिथल्या आचाऱ्याला मी ओळखत नाही."

लिफ्टमध्ये तीनदा खिसा चाचपला.
खिडकीजवळची जागा मिळाली. खाली मेट्रो गेली,
सगळे डबे उजेडाने भरलेले आणि माणसं मोजून चार.
किल्ल्याची टेकडी अंधारात नुसती बसलेली.
पोरगा आला, हातात वही नाही, यंत्र.
"सर, तिखट किती? मीडियम, की आपलं नागपुरी?"

मी खाली पाहिलं. यांच्या पायात बूट होते,
मृणालच्या साखरपुड्यानंतर पहिल्यांदा.
यांनी पाणी प्यायलं. माझ्या बोटांकडं पाहिलं,
नखांच्या कडेची हळद काही आज जाणार नव्हती.
मग शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये असं,
"कमी," म्हणाले. "दोघांनाही."

खरं सांगते, त्या पांढऱ्या भाजीत काही विशेष नव्हतं.
मीठही बेताचं. पण वाफ होती,
आणि शेवटच्या घासापर्यंत मला कोणी हाक मारली नाही.

बिल अठ्ठावीसशे साठ.
उरलेले एकशे चाळीस परत मिळत नाहीत म्हणे.
यावर हे लोहापुलापर्यंत बोलत होते.
"दोन पापड तरी सांगायला पाहिजे होते,"
सिग्नलला स्कूटर थांबवून म्हणाले,
आणि खिशातून बडीशेपेची मूठ काढली,
काउंटरवरच्या वाटीतून कधी उचलली कोण जाणे,
अर्धी माझ्या हातावर ठेवली.