बर्फाच्या चिठ्ठ्या

पंखा फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो.
पडद्यावर काही नाही.
जुना बोर्ड निदान ओरडायचा,
तीन लांब, एक आखूड, कुठे दुखतंय ते सांगायचा.
ह्या नव्याला भोंगाच नाही.
कोल्हापूरहून एस.टी.च्या डिकीत आला,
फुगेवाल्या प्लास्टिकात, जावयाच्या थाटात,
आणि तारामुंबरीच्या बर्फ फॅक्टरीत
रात्री दीड वाजता तोंड शिवून बसलाय.

शेजारी कॉम्प्रेसर धडधडतो.
भिंत थरथरते, भिंतीवरचं भरतीचं कोष्टक थरथरतं,
माझ्या स्क्रूंची बशीसुद्धा.
साडेतीनला पाणी चढेल, होड्या सुटतील,
त्याआधी प्रत्येकाला चिठ्ठी हवी :
किती लाद्या, कोणाच्या खात्यावर.
खाती सगळी ह्या डब्यात.

भिकाजी कोयंडे दर दहा मिनिटांनी दारात.
"झालो काय रे चालू?"
नाही, काका.
"मगे जुनो काय वायट होतो?"
जुना जळाला होता.
त्यांना पटत नाही. धूर त्यांनी पाहिला नव्हता.

मी संशय घेत जातो.
पहिला विजेवर, कारण तिच्यावर कोणीही घेतो.
मीटर लावला : बारा व्होल्ट, सज्जन.
मग खाऱ्या हवेवर. हिने आमच्या बिजागऱ्या खाल्ल्या,
सायकली खाल्ल्या, शाळेची घंटा खाल्ली,
पण बोर्ड कालच उघडलाय, एवढी भूक तिलाही नाही.
मग कोल्हापूरच्या दुकानदारावर. ह्याच्यावर बराच वेळ.
फोनवर तो फार गोड बोलला होता.
चार पिनांची छोटी वायर, जी सगळे विसरतात,
मी विसरलो नव्हतो. तरी काढली, पुन्हा लावली.
मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या,
ही काढून ती, ती काढून ही,
खाच मात्र तीच. हे नंतर कळलं.
नाण्याएवढी बॅटरी काढली, शंभर आकडे मोजले, बसवली.
पंखा फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो.

तीन वाजता हसीना सोलकर उठली.
कपाटातून चिठ्ठ्यांचं जुनं पुस्तक काढलं,
सुकलेला कार्बन बल्बावर जरा शेकला
आणि खिडकी उघडली.
कुबलांच्या बारा. धुरींच्या आठ, मागची बाकी वहीत बघते.
वही तिने उघडलीच नाही. बाकी तिला पाठ होती.
लाद्या घसरगुंडीवरून खाली जात राहिल्या.
आता माझ्याकडे कोणी बघत नव्हतं,
तेव्हा कुठे हात सैल झाला.

टॉर्च दातांत धरून खाचेवर वाकलो.
तळाशी काहीतरी चमकलं,
पिन चमकते तसं नाही.
चिमट्याने ओढलं :
तारलीचा खवला,
नखाच्या कोरीएवढा, आरपार दिसणारा.

संध्याकाळी जेटीवर मी तारल्या घेतल्या होत्या,
वाटा चांगला मिळाला म्हणून खुशीत होतो.
हात धुतले होते.
बाही नाही.

पडदा उजळला.
कोपऱ्यात एक जानेवारी, सात वर्षांपूर्वीची.
बॅटरी काढली की घड्याळ मागे पळतं, मी म्हटलं,
बदलतो लगेच.
"राहू दे जरा," हसीना म्हणाली.
खिडकीतल्या हातांना तिने आणखी दोन चिठ्ठ्या दिल्या.
मग कीबोर्ड स्वतःच ओढून आजची तारीख घातली,
एका बोटाने, आकडा आकडा.
मी विचारलं नाही.

माझ्या बिलबुकात 'दोष' असा रकाना आहे.
तिथे मी नेहमी इंग्रजीत काहीतरी लांब लिहितो,
गिऱ्हाईक दबून राहतं.
आज लिहिलं : खवला, एक.
मजुरीपुढे रेघ मारली.

कोयंडेकाकांनी तो नखावर घेतला,
ट्यूबखाली धरला, उलटा करून पाहिला.
"तारली ताजी होती हां," म्हणाले.