एक पूर्णांक दोन ओहम

दुकान दहाला उघडतं.
आयव्हियन पावणेदहालाच काचेला कपाळ टेकून उभा,
स्वॉन्झीहून येणाऱ्या बसकडे पाठ,
आणि त्याच्या डोक्यावर, दूर,
कारखान्याची धुराडी. कोरडी.

"हेलेद," तो म्हणतो, "एलिनेडनं बजावलंय, सिगारेट नाहीतर मी.
यातलं स्वस्त काय पडेल ते सांग."
हा विनोद त्यानं घरून पाठ करून आणलाय.

मी काउंटरवर मांडत जाते.

हा रुंद टँक, जाळीची कॉइल, शून्य पूर्णांक पंधरा ओहम.
रोध नावापुरता, त्यामुळे वीज उधळते,
ऐंशी वॅटला पातेलंभर वाफ, थेट छातीत.
पोरं हाच नेतात,
बसथांब्यावर उभं राहून स्वतःला पुसून टाकतात.

हा मधला. धड इकडचा ना तिकडचा.
खरं सांगू? माझाही हाच आहे, आणि गळतो.
पर्समध्ये गळतो, बिलांवर गळतो;
कार्डिफच्या कॉलेजचा अर्ज होता एक,
त्याच्यावर ब्लूबेरीचा चिकट डाग आहे
जून महिन्यापासून.

आणि हा, करंगळीएवढा.
साधी गुंडाळलेली तार, एक पूर्णांक दोन.
दहा वॅट पुरतात. आधी तोंडात ओढायचं, मग आत,
सिगारेटसारखं.
वाफ असून नसल्यासारखी.

"रोध म्हणजे काय गं?"
"तारेनं विजेची वाट अडवणं. जितकी जास्त अडवेल
तितकी कमी वाहते."
"म्हणजे संप," तो म्हणतो.
"आम्हीही अडवली होती. वाहायचं तिकडं वाहिलंच."

नव्या कॉइलमधला कापूस भिजायला पाच मिनिटं लागतात.
घाई केली तर कोरडा कापूस जळतो,
आणि ती जळकी चव कॉइल फेकेपर्यंत जात नाही.
हे मी रोज सगळ्यांना सांगते, कुणी थांबत नाही.
आयव्हियन स्टूल ओढून बसतो.
"भट्टी विझल्यापासून," तो म्हणतो,
"घाई ही चीजच घरात नाही."

पहिल्या मिनिटात तो काहीच बोलत नाही.
मग आईचं सांगतो.
ती आधी वाऱ्याकडं बघायची, मग दोरीवर चादरी टाकायची,
तरी संध्याकाळी सगळ्या गुलाबी,
खनिजाच्या धुळीनं.
पगार यायचा त्याच बाजूनं धूळ यायची,
म्हणून ती चादरी पुन्हा धुवायची
आणि तोंड बंद ठेवायची.

"बत्तीस वर्षं ढग बनवले मी, पोरी.
आता विकत नाही घेणार."
रुंद टँक त्यानं एका बोटानं परत सरकवला,
कुणाचं उष्टं ताट सरकवावं तसा.

करंगळीएवढा घेतला.
दोन झुरके ओढले, तिसऱ्याला थबकला.
"आणि हे संपतं कधी?"
मी म्हटलं, टँक रिकामा झाला की भरायचा.
"तसं नाही. सिगारेट आपली आपण संपायची.
संपली की कळायचं, चला, उठा, कामावर."
फळीवर चाळीस चवी आहेत.
याचं उत्तर त्यात कुठंच नव्हतं.

शुक्रवारी पुन्हा आला. गळत नाही, तक्रार नाही,
एलिनेड बोलायला लागलीय.
"पण हातांना काही काम नाही यात," म्हणाला,
"तयार कॉइल लावायची, तयार फेकायची.
सुटी तार देतेस?"

मी तारेचं रीळ काढलं, कापसाची पट्टी काढली,
आणि त्याच्या खिशातून निघाला त्याचा स्वतःचा पेचकस.
त्याच्या दांडीवर त्यानं सात वेढे घातले.
भाजल्याच्या पांढऱ्या खुणांची ती बोटं,
एकही वेढा दुसऱ्यावर चढला नाही.

कापूस घालण्याआधी नुसती तार तापवून बघतात,
मधून बाहेर समान लाल होते की नाही.
त्यानं बटण दाबलं.
आधी मधला वेढा पेटला, मग शेजारचे,
मग सगळी, मुगाच्या दाण्याएवढी
नारिंगी भट्टी.

कापसाची पट्टी माझ्या हातातच होती.
त्यानं मागितली नाही.
मीही पुढे केली नाही.