खोला

चांगदेव तांडेल सोसायटीचा लॅपटॉप
ताडपत्रीत गुंडाळून घेऊन आले,
काउंटरवर ठेवला, हात शर्टाला पुसले.
"प्रिंटर लावाचा होता गो, रुबिना. डिझेल परताव्याचे फॉर्म.
आता बघ कोन कोन बसलाय आत."

बसले होते खरे.
एक रमी.
एक वेग वाढवणारं काहीतरी, ज्यानं होता तो वेगही खाल्ला.
कोपऱ्यात जांभळा कुत्रा, शेपूट हलवणारा.
आणि वर हवामानाची पट्टी: उणे चार, हिमवर्षाव.
बाहेर जीवना बंदरावर बोंबील वाळत होते
आणि डांबर चपलेला चिकटत होतं.

"मी नायच म्हटलं," ते म्हणाले. "दर वेळी नाय."

मी तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवला,
त्यांना खुर्ची ओढून दिली.
हिरवं बटण, पेढ्याएवढं: पुढे.
बाजूला राखाडीवर राखाडी, चष्मा लावूनही पुसट:
नको, मला हळू संगणकच बरा.
त्याखाली चौकट, खूण आधीच केलेली.
'खालील सेवा नको असल्याची खात्री नसल्यास
ही खूण काढू नये.'

तांडेलांनी बोट ठेवून वाचलं. दोनदा.
तिसऱ्यांदा ओठ हलवत.
मराठीच होतं. शब्दन् शब्द मराठी.
लिलावात यांच्या एका 'नाय'वर
गिऱ्हाईक टोपली खाली ठेवतं.
कोणी विचारत नाही, नक्की का?

पुढे. पुढे. मी दाबत गेले.
खिडकी दर वेळी जरा लहान, अक्षर जरा बारीक,
मागे जायचं बटण तिसऱ्या पायरीवरच नाहीसं.
शेवटी एकच उरलं, कुणीतरी हिंदीतून ओढत आणलेलं:
खोला.

आणि तांडेल हसायला लागले, खोकला येईपर्यंत.
"खोला! अगो, ही त डोल."

माझ्या झेरॉक्सच्या रद्दी कागदावर काढून दाखवली.
तोंड कागदभर. डोळे हातहाताचे.
मासळीला वाटतं, दर्याच आहे.
पाणी मागून रेटतं, पुढे, पुढे,
डोळा बारीक होत जातो, चार बोटं, एक बोट,
मग करंगळीही जात नाही,
आणि शेपटीला गाठ मारलेली पिशवी.
तिचं नाव खोला.
"कुनी ढकलत नाय मासळीला. पानी नेतं."
आवाजात थोडा अभिमान होता, त्यांनी लपवला नाही.
"बनवनारा आमच्यातलाच कोन तरी असंल."

कुत्र्याला काढायला गेले तर त्याचे डोळे भरून आले.
'खरंच जाऊ?'
बटणं दोन: राहू दे. उद्या विचार.
"बोंबील असा बोलला असता," तांडेल म्हणाले,
"त मी कवाच धंदा सोडला असता."

तासाभरानं लॅपटॉप मोकळा झाला.
पहिला फॉर्म छापून निघाला, जरा तिरका.
ऐंशी रुपये. त्यांनी मोजून दिले,
झाकण मिटलं, आणि थांबले.

झाकणाच्या कोपऱ्यात माझ्या दुकानाचं स्टिकर,
मोबाईल नंबरासकट.
हात सवयीनं लावतो, येईल त्या प्रत्येकाला.

त्यांनी कडेला नख घातलं.
"ही खूण आधीचीच काय गो?"

मी काही बोलले नाही.
गोंद ताजा होता.
एका तुकड्यात निघालं.