येण्याचे कारण

निघताना ह्यांनी विचारलं, "कोणाकडे?"
म्हटलं, "ठाण्याला."
"ते कळलं. पण कोणाकडे?"
पिशवीची चेन मधेच अडकली होती,
ती ओढत राहिले, तेवढ्यात एसटीची वेळ झाली.

अठ्ठावन्न वर्षांत शहरं पाहिली नाहीत असं नाही.
पुणं पाहिलं सासऱ्यांच्या मोतीबिंदूत,
तीन दिवस, वॉर्डाच्या खिडकीएवढं.
नाशिक, धाकट्या जावेच्या बाळंतपणात;
गंगेवर जायचं राहिलं, दुपटी वाळायची होती.
सोलापूर म्हणजे लग्नाचा हॉल आणि हॉलमागची मोरी.
मी कुठं गेले नाही,
कारण मला घेऊन गेलं.

वंदना स्टँडला उतरले तेव्हा साडेचार.
लॉजच्या काउंटरवर निकेश नावाचा पोरगा, एका कानात बाळी.
रजिस्टर माझ्याकडे फिरवून म्हणाला,
"काकू, भरा."
नाव: प्रभावती जगन्नाथ शेळके.
गाव: लोणंद.
सोबतच्या व्यक्ती: शून्य.
शून्य जरा मोठंच आलं, शेजारच्या रकान्यात घुसलं.
येण्याचे कारण:
इथं पेन थांबलं.
मागे एक साहेब चावीसाठी खाकरत होते.
लिहून टाकलं, "दवाखाना."
पोराचा चेहरा एकदम घरातला झाला.
वरची खोली बदलून त्यानं खालची दिली,
"रात्री-अपरात्री पळायला लागलं तर जिना नको."

सकाळी काउंटरवर थर्मास भरून तयार.
"पेशंटला गरम पाणी लागतं. तिकडं विकत घ्यावं लागेल."
नको म्हणायला जीभ उचलेना.
थर्मास काखेला लावून
मी तलावपाळीवर.

इथं बायका भराभर चालतात, बूट घालून,
कोणी मागं लागल्यासारख्या.
माझ्या मागं कोणी नव्हतं.
कोपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडले.
एक कणीस घेतलं, अख्खं खाल्लं,
दाणे सोलून कोणाच्या तळहातावर ठेवायचे नव्हते.

पायडलच्या होडीवाला म्हणाला, "दोन माणसं लागतात, मावशी."
"मग दोन तिकिटं द्या."
शेजारच्या सीटवर थर्मास बसवला.
होडी माझ्या अंगाला कलली, वाकडी-वाकडी गेली,
काठावरून तो ओरडत होता, "डावीकडे! डावीकडे!"
मी उजवीकडे गेले. मुद्दाम नाही.
पण नंतर, मुद्दाम.

दुपारी कचराळीला फोन वाजला.
"मिठाचा डबा कुठाय?"
"असतो तिथंच."
"काय करतेयस?"
"बसलेय."
"कोणाकडे?"
"बाकावर."
बराच वेळ तिकडून फक्त भांड्यांचा आवाज आला.

भीती वाटली नाही म्हणेन तर खोटं.
उपवनहून परतताना भलत्याच बसमध्ये चढले,
अंधार पडला, पाट्या वाचेनात,
छातीशी ठेवलेलं पाकीट तीनदा चाचपलं.
वर्तकनगरच्या पानवाल्यानं
चुना लावता लावता बोटानं रस्ता दाखवला.
त्या पांढऱ्या बोटाच्या दिशेनं
चालत सुटले.

लॉजवर पोचले तर निकेश वाटच बघत होता.
"कसे आहेत पेशंट?"
चपला पायपुसण्यावर घासत म्हटलं,
"आज पुष्कळ हिंडले. जेवलेही पोटभर."
शब्दाला शब्द खरं.
"मग उद्या सोडतील."
"उद्याचा दिवस ठेवून घेतील असं दिसतंय.
खोली आहे ना?"
"आहे की."
थर्मास हातात घेऊन त्यानं हलवून पाहिला.
"काकू, पाणी तर तसंच आहे."
मी चावी उचलली.
तो हसत होता की नाही, ते बघायला
थांबले नाही.